मांडीवरची कळशी

मांडीवर पाण्याने भरलेली कळशी घेऊन मी एकदा अख्खा दिवस मोटारीतून प्रवास केला आहे. कळशी तांब्याची होती, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं होतं आणि वाटेत ती कुठेही जमिनीला टेकवायची नाही असा आमच्या घरचा नेम होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला राग फार लवकर यायचा. अजूनही येतो. फरक इतकाच, की तेव्हा घरची माणसं घाबरायची आणि आता नातवंडं हसतात.

आम्ही कोहळी. आमच्याकडे तलाव बांधणं हा धंदा नाही, स्वभाव आहे. माझ्या बाबांनी आजूबाजूच्या कितीतरी गावांत तलाव बांधले, फुटलेले सांधले. माळावर उभे राहून, डोळे बारीक करून ते सांगत, की पाणी इथून येईल, इथे थांबेल आणि इथून पळून जायला बघेल. आणि तसंच व्हायचं. नवा तलाव बांधून झाला की पावसाच्या आधी त्याच्या कोरड्या पोटात आमच्या गावच्या जुन्या तलावाचं कळशीभर पाणी नेऊन ओतायचं, ही आमच्या घराची रीत. पाण्याला पाणी वाट दाखवतं, असं बाबा म्हणत. हे खरं की खोटं, मला माहीत नाही. त्यांनी बांधलेले तलाव मात्र भरत.

बाबांना एकच खोड होती. प्रवासात तलाव दिसला की त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. आपला असो, परका असो, ते उतरणार, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाळीवरून चालणार, काठीने टोचून बघणार, खेकड्यांची आणि उंदरांची बिळं मोजणार आणि मग गावातल्या कुणाला तरी बोलावून चांगलं फैलावर घेणार. आमच्या मुलखात दर दोन कोसांवर तलाव. म्हणजे बाबा कुठेही वेळेवर पोचणं शक्यच नव्हतं. माझ्या आतेभावाच्या लग्नाला निघालेला हा सख्खा मामा तिसऱ्या दिवशी पोचला, कारण वाटेत कुणाची तरी पाळ, बाबांच्या बोलीत पार, गळत होती. वरात निघून गेली होती, मांडवही सोडला होता. बाबा कमरेपर्यंत चिखलाने माखून आत्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पार वाचली, बाई."

आत्या वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही.

ही आत्या, बाबांची धाकटी बहीण, केशोरीच्याही पलीकडे, जंगलात दिली होती. तिच्या गावाला तलाव नव्हता. बायका नाल्याच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीने पाणी भरायच्या. तलाववाल्यांची लेक झिऱ्यावर वाकलेली बघून त्यांना गंमत वाटायची. "काऊन वो तलाववाली, माहेरावून एक तलाव कायले नाही आणला?" असं विचारायच्या. आत्या हसायची, पण त्या गावाला तिने कधी आपलं म्हटलं नाही. तीस वर्षं संसार झाला, मुलगा झाला, सून आली, तरी तिच्या तोंडी 'ह्यांचं गाव' असंच यायचं. आमच्याकडे आली की म्हणायची, "ह्यांच्या गावाले परत जाचं आहे आता." आणि भावाकडे तिने तीस वर्षांत एकच गोष्ट मागितली, तलाव.

शेवटी तो झाला. दोन वर्षं, धान कापून झालं की बाबा तिकडे जाऊन राहिले. त्या गावच्या माणसांनी माती वाहिली, बाबांनी पाळ चढवली. काम संपलं तशी आत्याने गाव गोळा करून सांगून टाकलं, की माझा भाऊ अक्षय तृतीयेला माहेरचं पाणी घेऊन येईल आणि दिवस बुडायच्या आत ते तलावात पडेल. मग तिला आपल्या भावाचा स्वभाव आठवला असावा. बाबा पाणी न्यायला घरी आले, त्यांच्या पाठोपाठ तिचा निरोपही आला. निरोप आणणाऱ्या गड्याने तो तिच्याच शब्दांत, अगदी तिच्याच ठसक्यात सांगितला. "भावाले सांगजो, साऱ्या गावापुढं मी जबान देली आहे. या वेळी उशीर केला तं तोंड दाखवू नोको."

बाबांचं तोंड उतरलं. मी माहेरी आले होते, मी म्हटलं, "तुम्ही बैलगाडीनं गेले तं दसरा उजाडते. मोटारीनं चला."

आमचे हे गोंदियाला बिडीच्या एका कारखान्यात नोकरीला होते. तेंदूपत्त्याचा हंगाम होता, पत्ता आणायला कारखान्याची मोटार त्याच रानात जाणार होती. पत्र टाकून मी तिच्यात जागा मिळवली. माझा हिशेब सरळ होता. बैल बाबांचं ऐकतात, मोटार ऐकणार नाही.

मोटार आदल्या दिवशी यायची, ती अक्षय तृतीयेच्याच दिवशी उजाडता उजाडता आली. लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून तिला कोळशाच्या वायूवर चालवत. डायव्हरच्या खोलीमागे माणसाहून उंच लोखंडी भट्टी उभी होती. तिच्यात लाकडी कोळसा भरायचा, पेटवायचा आणि हाताने पंखा फिरवत बसायचं, तेव्हा पाव तासाने मोटार हलायला राजी व्हायची. डायव्हर गोंदियाचा, हिंदी बोलणारा, बारीक अंगाचा आणि सगळ्या अंगाला काजळी लागलेला माणूस होता. मोटारीबद्दल तो घरच्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसा बोलायचा. "चढाई पे साँस फूलती है इसकी," त्याने आधीच सांगून ठेवलं. "और रेडिएटर थोड़ा टपकता है. बाकी सब ठीक है."

मागे आत्यासाठी तांदळाचं पोतं, जवसाचं तेल आणि लाखोळीच्या डाळीच्या पिठाचा डबा चढला. लाखोळी आमच्या धानाच्या बांध्यांत होते, आत्याच्या रानात होत नाही, आणि लाखोळीच्या वड्यांसाठी ती जीव टाकायची. मधे मी बसले, खिडकीशी बाबा. आणि माझ्या मांडीवर कळशी.

सडक अर्जुनीला मोठी सडक ओलांडून आम्ही दक्षिणेला रानात शिरलो आणि पहिल्याच कोसात बाबांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"थांबव गा दोन मिनिटं."

"क्या हुआ, पटेल?"

"पारीवर झाड वाढू देलं आहे यायनं. मुळ्या आत जाऊन राहिल्या. इथूनच दिसून राहिलं."

डायव्हर बिचारा नवा होता. त्याने थांबवली. बाबा उतरले ते अर्ध्या तासाने आले. तोवर भट्टी विझत आली होती. पुन्हा कोळसा, पुन्हा पंखा, पुन्हा धूर. रेडिएटरखाली थेंब थेंब पाणी ठिबकून धुळीत वाटीएवढा खळगा झाला होता, तेवढं पाणी डायव्हरने बरोबरच्या डब्यातून रेडिएटरमध्ये ओतून भरून काढलं. मी कळशी धरून बसले होते आणि माझे पाय बधिर झाले होते.

दुसऱ्या तलावाशी तेच. तिथे बाबांनी एका म्हाताऱ्याला पकडून त्याच्या सांडव्यावरून इतकं सुनावलं, की तो म्हातारा मोटारीपर्यंत पोचवायला आला आणि काकड्या देऊन गेला. बाबांच्या शिव्या कुणाला लागत नसत, ही त्यांच्या कामाची पावती होती. पण सूर्य वर चढत होता.

"बाबा, आत्या वाट पाहून राहिली असंल. तलाव कुठं पळून नाही चालला."

"तलाव नाही पळत, पानी पळते," बाबा म्हणाले.

मधला रस्ता मात्र सुरेख होता, हे रागातसुद्धा कबूल करायला हवं. रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या आणि त्यांच्यामध्ये वाळलेलं गवत. दोन्ही बाजूंना साग, साजा, मोह. मोहफुलांचा वास इतका दाट, की डायव्हर म्हणायचा, बिना पिये चढ़ रही है. कोसच्या कोस माणूस दिसायचा नाही. दिसलाच तर तो मोटारीकडे आणि आम्ही त्याच्याकडे मान वळवून बघत राहायचो. चढ आला की मोटारीला खरोखरच धाप लागायची. मग बाबा आणि मी उतरून मागे चालायचो. मी कळशी डोक्यावर घेऊन, आणि मोटार आमच्या पुढे पायी चालल्याच्या वेगाने. जेवायला थांबलो तेव्हा कळशी बाबांच्या मांडीवर गेली. त्यांचं झाल्यावर परत माझ्या. डायव्हर हे सगळं बघत होता. "बाईजी, इसमें क्या सोना है?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पाणी आहे. तो मान हलवत पंखा फिरवायला गेला.

आमच्याकडच्या प्रतापगडाचा डोंगर दिसला तशी डायव्हरने तिथल्या दर्ग्याच्या दिशेने हात जोडले, बाबांनी तिथल्या महादेवाच्या, आणि मी पीर आणि महादेव दोघांना विनवलं की बाबांना वाटेत तलाव दाखवू नका. दोघांनीही ऐकलं नाही. डोंगराच्या सावलीतच एक तलाव होता. पार पोखरली आहे, म्हणत बाबा उतरले, पाळीवर चढले, आणि मला दिसत होतं, की त्यांची काठी जमीन टोचत टोचत चालली आहे. मग एकाएकी बाबा निम्मेच दिसायला लागले.

त्यांचा पाय उंदराच्या बिळात गुडघ्यापर्यंत गेला होता. डायव्हरने धावत जाऊन त्यांना उपसून काढलं. घोटा मुरगळला होता आणि बघता बघता टम्म फुगला. मी घाबरले, पण बाबांचा चेहरा खुलला होता. डायव्हरच्या खांद्यावर हात टाकून लंगडत येताना ते मला लांबूनच ओरडून सांगत होते, "म्हटलं होतं ना, पोखरलं आहे म्हणून!"

तिथे माझा राग फुटला. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आत्याचं नाव घेतलं, आतेभावाचं लग्न काढलं, मांडव काढला. शेवटी डायव्हरकडे वळून सांगितलं, की आता एकाही तलावाशी मोटार थांबली, तर मी पत्र लिहून कारखान्यात कळवीन. बाबांनी काठी आत घेतली. डायव्हरने पंखा फिरवला. मोटार मुकाट्याने चालू लागली, आणि मला फार बरं वाटलं.

केशोरी आली. गावाबाहेर तलाव होता, उन्हाळ्यातही मधोमध चांगलं पाणी होतं. डायव्हरने वेग कमी केला.

"बाईजी, यहाँ पानी भर लेते हैं. डिब्बे खाली हैं."

बाबा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "इथला तलाव शेवटचा आहे. याच्यापुढं पानी नाही."

मला वाटलं, हा कट आहे. एकाला पाळ बघायची आहे आणि दुसऱ्याने त्याला साथ द्यायचं ठरवलं आहे. "तुम्ही दोघं एक झाले!" मी म्हटलं. "चालवा मोटार." आणि केशोरीचा तलाव उजवीकडून मागे गेला. बाबांनी त्याच्या पाळीकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. एवढं आज्ञेत राहिलेले बाबा मी आधी कधी बघितले नव्हते.

केशोरीपासून आत्याचं गाव सोळा मैल. निम्मं अंतर कापलं असेल तेव्हा मोटारीच्या नाकातून वाफेचा लोट उठला. डायव्हरने लगेच इंजिन बंद केलं, उतरला, फडक्याने झाकण धरून उघडलं आणि आत डोकावून बघितलं. मग तो माझ्याकडे आला. रागावला नव्हता, तेच मला जास्त लागलं.

"एक बूँद नहीं है. ऐसे चलाया तो इंजन जल जाएगा."

दुपार कलली होती. आठ मैल मागे केशोरी, आठ मैल पुढे आत्या. मधे रान, सुकलेले नाले आणि वाघाची वाट. बाबांना दहा पावलंही टाकता येत नव्हती, डायव्हर मोटार सोडून हलणार नव्हता, आणि मी एकटी निघाले तर बाबांनी मला जाऊ दिलं नसतं. झाडावर एक पान हलत नव्हतं. चूक माझी होती. हे मला पक्कं कळलं होतं, आणि त्या दोघांनाही कळलं होतं, आणि दोघांपैकी एकानेही ते बोलून दाखवलं नाही. आत्या आता नवी लुगडी नेसलेल्या बायका घेऊन पाळीवर बसली असेल, असं डोळ्यांपुढे येत होतं. मला रडू आलं. कळशीवर टिपं पडली, ती पदराने पुसली.

बाबा लंगडत मोटारीच्या पुढे गेले आणि बूड टेकून रेडिएटरसमोर बसले. गळती खालच्या बाजूला होती. डायव्हर साबणाचा गोळा मळून ते भोक लिंपायला लागला. सकाळपासून त्याने तीनदा लिंपला होता आणि तीनदा तो धक्क्याने पडला होता. बाबांनी जरा वेळ बघितलं. मग त्यांच्याने राहवेना.

"काऊन गा, बाहेरून कायले थापून राहिला? बाहेरून कितीबी थापलं तं पानी ढकलून देते. पानी जिकडं असते, तिकडून बंद कराचं."

"अंदर हाथ कैसे जाएगा, पटेल?"

"हात नाही जात. पार गळते तेव्हा आम्ही का हात घालतो का? पान्यात भुसा टाकतो, बारीक माती टाकतो. पानी ज्या भोकातून पळते, त्या भोकात तेच तिले ओढून नेते. आपलं भोक पानी आपनच बुजवते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लाखोरीचं पीठ काढ."

डायव्हरने कपाळावर हात मारला. मोटारीत पीठ घालणारा माणूस त्याला आजवर भेटला नव्हता. पण दुसरं काही त्याच्यापाशीही नव्हतं. "पीठ ठीक है," तो म्हणाला, "मगर पानी?"

तिघांचीही नजर माझ्या मांडीकडे आली आणि लगेच दुसरीकडे वळली.

मी म्हटलं, "हे घाला."

"ते तलावाचं आहे," बाबा म्हणाले. आवाज कठोर नव्हता, पण त्यापुढे बोलायची सोय नव्हती. मी तरी बोलले. राग आता स्वतःचाच आलेला होता, त्यामुळे जोर होता. "कळशी जमिनीले टेकवाची नाही, एवढाच नेम आहे ना? मोटार काय जमीन आहे? पानी मोटारीत राहीन, मोटार आत्याच्या गावाले जाईन. कळशी बदलली, एवढंच."

बाबा विचार करू लागले. चेष्टा नाही, खरोखर विचार करू लागले. नवी जमीन बघताना करायचे तसे त्यांनी डोळे बारीक केले.

"डायवर, यात टाकलेलं पानी मंग बाहेर काढता येते का?"

"क्यों नहीं. नीचे तोटी है."

बाबा दुखरा पाय सांभाळत मोटारीखाली आडवे झाले. खालून आवाज आला, "तुडूम आहे!" तुडूम म्हणजे तलावाच्या पोटातून शेताला पाणी सोडायची वाट. मग पुन्हा आवाज आला, "अन् हे वरतून खाली आलेली नळी कायची?"

"पानी ज़्यादा हो गया, तो उससे निकल जाता है."

"सांडवाबी आहे!" बाबा बाहेर आले, तोंडाला काजळी आणि डोळ्यांत चमक. बोटं मोजत म्हणाले, "चारी बाजूनं पार आहे, तुडूम आहे, सांडवा आहे. मंग तलावच तं आहे हा. ओत."

पण लगेच ओतता येईना. इंजिन तापलेलं होतं, गार पाणी पडलं तर तडकेल, असं डायव्हर म्हणाला. आम्ही बसून राहिलो. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लांब अर्धा तास. सावल्या लांबत होत्या आणि बाबा डायव्हरला पाळ गळण्याचे प्रकार समजावून सांगत होते. शेवटी डायव्हरने पत्र्याला हात लावून मान हलवली. मी फडकं सोडलं, बाबांनी कळशीतल्या तांब्याभर पाण्यात दोन मुठी पीठ कालवलं, ते आधी गेलं. मग मी उरलेली कळशी धार न तोडता ओतली. थेंबही बाहेर सांडला नाही.

भोकातून पिवळसर धार लागली. ती बारीक झाली. मग थेंब झाले. मग एक थेंब बराच वेळ लोंबकळून राहिला आणि पडलाच नाही. डायव्हरने बोट लावून बघितलं, बोट कोरडं आलं. "पटेल," तो म्हणाला, "तुम तो मिस्तरी निकले." बाबा लाजले. त्यांना लाजताना मी तेव्हाच बघितलं.

पंखा मी फिरवला. दोन्ही हात मोकळे होते, मांडी हलकी झाली होती आणि अंगात कुठून बळ आलं होतं कोण जाणे. पुढचे आठ मैल मोटार न गळता चालली. उकडलेल्या लाखोळीचा वास मात्र मोटारभर सुटला.

गावाशी पोचलो तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्यांवर टेकला होता. सगळं गाव नव्या पाळीवर बसलं होतं. आत्या मधोमध, आमच्याकडे पाठ करून. मोटारीचा आवाज ऐकूनही तिने वळून बघितलं नाही. बाबा लंगडत पुढे झाले, मी मागे. मग ती वळली. तिने आधी भावाचा पाय बघितला, मग सूर्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या कळशीकडे. फडकं नव्हतं. कळशी आडवी धरली होती. काही विचारायची गरजच नव्हती. तिचा चेहरा जो झाला, तो मी कधी विसरणार नाही.

"पानी?" ती म्हणाली.

"मोटारीत आहे," बाबा म्हणाले.

मी भराभर सगळं सांगितलं, माझी चूक पहिली सांगितली. ऐकणाऱ्यांत कुणी हसलं, कुणी कुजबुजलं.  आत्याने फक्त हाताने खूण केली, मोटार आणा खाली. डायव्हरने मोटार पाळीच्या कडेने कोरड्या तलावात उतरवली. लोक बाजूला सरले. बाबा पुन्हा खाली आडवे झाले आणि त्यांनी आपल्या हाताने तोटी फिरवली. वाफाळतं, गंजाने लालसर झालेलं, पिठाळलेलं पाणी कळशीत पडू लागलं. वाटेत काही वाफ होऊन गेलं होतं, कळशी पाऊण भरली. आत्याने ती पदराने धरून उचलली, तोंडाजवळ नेली आणि थबकली. तिने पुन्हा वास घेतला.

"लाखोरी आहे यात?"

"हो," बाबा म्हणाले. "गळत होतं."

आत्या हसायला लागली. आधी हळू, मग इतकी, की कळशी हिंदकळायला लागली आणि तिच्या जावेला ती खालून धरावी लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतच होती. "आजवर एकदा वेळेवर आला माझा भाऊ," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अन् तेबी माहेरचं पानी गरमागरम शिजवून घेऊन आला." मग तिने कळशी वाकडी केली. तहानलेल्या मातीने ते पाणी सुर्रकन पिऊन टाकलं. सूर्य अजून बुडायचा होता.

मोटार मात्र तलावातच अडकली, कारण तिच्या पोटात आता काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेंदूपत्त्याचे गठ्ठे भरून झाले, तशी डायव्हरने पाणी मागितलं. गावात पाणी म्हणजे झिऱ्याचं. आत्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण मी बघते तो झिऱ्यापासून तलावापर्यंत बायकांची रांग. घरटी एक घागर. 'तलाववाली' म्हणून चिडवणाऱ्या साऱ्या तिच्यात होत्या. मोटारीत पाणी ओतताना प्रत्येक बाई विचारत होती, की पीठ टाकाचं का. डब्यातलं निम्मं पीठ आत्याने वडे करून केव्हाच संपवलं होतं. उरलेलं तिने डायव्हरला पुडीत बांधून दिलं, गळलं तर लागेल म्हणून.

आम्ही निघालो तेव्हा बाबा खिडकीशी बसले, पायाला आत्याने हळदीचा लेप घातला होता. मी त्यांना म्हटलं, परत जाताना केशोरीचा तलाव सावकाश बघू. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मग आत्या आली. आमचीच कळशी होती, तिने ती काठोकाठ भरली होती, तोंडाला आपल्या जुन्या लुगड्याचं ओलं फडकं बांधलं होतं. मला वाटलं मोटारीसाठी वाटेतलं पाणी आहे, म्हणून मी डायव्हरच्या पायाशी ठेवायला जागा करू लागले. तिने माझा हात धरला आणि कळशी माझ्या मांडीवर ठेवली.

"खाली नोको टेकवू," ती म्हणाली. "तुमच्या तलावात ओतजो. माझ्या गावचं पानी आहे."